सात नंबरच्या खोलीतला दिवा

१

वहीची दोरी बांधलेली होती, पण गाठ परकी होती. टेलिफोनवाल्याने तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि खुर्चीतून न उठताच बहिणीला हाक मारली. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. जेवण उरकून तो नुकताच सात नंबरच्या खोलीत परत आला होता. बारा दिवस चाललेल्या अंधांच्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव उद्या सकाळी दहाला होता, आणि त्या डावासाठी दीड वर्षं घासून तयार केलेली सगळी विद्या त्या एका वहीत होती.

बहीण आली, तिने आरडाओरडा केला नाही. ती सरळ पंचबाईंना घेऊन आली. येताना मात्र बोळाच्या कडेला ठेवलेल्या बादलीवर तिचा पाय आपटला आणि अर्धी बादली फरशीवर गेली. पंचबाई मनात म्हणाल्या, घाबरली आहे बिचारी.

पंचबाई म्हणजे स्पर्धेच्या मुख्य पंच. त्याआधी तीस वर्षं त्यांनी परीक्षांवर देखरेख केली होती आणि कॉपी पकडण्यात हयात घालवली होती. समोरचा माणूस निरपराध आहे असं त्यांना सहसा वाटतच नसे. त्यांच्या घरच्यांना याचा त्रास व्हायचा, पण स्पर्धेला अशाच बाईची गरज होती.

खोलीत अंधार होता. पंचबाईंनी सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. छतावरचा दिवा काही लागला नाही. टेबलावरचा दिवा लावला तो लागला. त्याची मान वाकवून पार टेबलापर्यंत आणलेली होती. त्या तिरप्या उजेडात वहीचे ब्रेलचे ठिपके आपापली सावली घेऊन कसे टरटरीत उठून दिसत होते! पंचबाईंना डोळ्यांनी ब्रेल वाचता येई, अडखळत का होईना, आणि आज त्यांना फारसं अडखळावं लागलं नाही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘लोखंडी दार कसं उघडायचं’.

काय काय बदललंय, असं त्यांनी विचारलं. टेलिफोनवाला वीस वर्षं एक्सचेंजमध्ये वायरी जोडण्याचं काम करत होता. गाठीच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याची गाठ दुहेरी पिळाची असे, आणि आता होती ती बुटाच्या नाडीसारखी. वहीची पानं क्रमाने होती. काही चोरीला गेलेलं नव्हतं. फक्त, तो म्हणाला, आत आल्या आल्या काहीतरी जळल्यासारखा वास आला होता. सिगारेटचा असेल.

“म्हणजे कुणीतरी बसून वाचलंय,” पंचबाई म्हणाल्या.

“वाचलंय,” टेलिफोनवाला म्हणाला. “आणि या खोलीची किल्ली माझ्याशिवाय एकाच माणसाकडे असते.”

ते माणूस, म्हणजे बहीण, त्याच्या खुर्चीमागेच उभं होतं. 

२

या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूबरोबर एक डोळस सोबती असतो. बहुतेक वेळा तो घरचाच. तो हाताला धरून नेतो-आणतो, ताट मांडतो, पुस्तकं वाचून दाखवतो. डाव मात्र खेळाडूचा एकट्याचा. समोरासमोर दोघं बसतात, दोघांपुढे आपापला भोकं पाडलेला पट, सोंगट्यांना खाली खुंट्या. काळ्या सोंगटीच्या डोक्यावर टाचणीचं टोक, म्हणजे बोटाला कळावं कुठली आपली नि कुठली परक्याची. चाल मोठ्याने सांगायची. चोरून काही करायला फारसा वावच नाही. म्हणूनच नियम कडक होता: सोबत्याने कागदांत लुडबुड केली, मग ते कागद आपल्या माणसाचे असोत की दुसऱ्याचे, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं आणि जन्मभर पुन्हा येऊ द्यायचं नाही.

टेलिफोनवाला सात वर्षांचा असताना त्याचे डोळे गेले. तेव्हापासून ही थोरली बहीण त्याच्याबरोबर होती. तिने लग्न केलं नाही. बुद्धिबळाची पुस्तकं तिने वाचायची आणि त्याने ऐकून ब्रेलमध्ये टोचून घ्यायची, असा चाळीस वर्षांचा परिपाठ. स्वतः ब्रेल ती शिकली नव्हती. ठिपके बघितले की आपलं डोकं गरगरतं, असं ती चारचौघांत हसून सांगायची. आता तीच घरी जाणार की राहणार, हे उद्या सकाळी आठला समिती ठरवणार होती. डावाआधी निकाल लागलाच पाहिजे, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं.

पंचबाईंच्या हातात ती संध्याकाळ होती. त्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली.

पहिला मालिशवाला. उद्याचा प्रतिस्पर्धी तोच. धिप्पाड गडी, आंधळा, लोकांच्या पाठी रगडून पोट भरणारा, आणि बुद्धिबळात एका गोष्टीवर आयुष्य काढलेला. काळ्या सोंगट्या मिळाल्या की तो ‘लोखंडी दार’ नावाचा बचाव खेळायचा आणि त्यामागे आरामात बसायचा. बारा वर्षांत ते दार कुणाला फोडता आलं नव्हतं. वही वाचली गेली तर फायदा त्याचाच, हे त्याने स्वतःच कबूल केलं. पण मी बोटांनी वाचतो, मला नाडीची गाठ कशाला मारावी लागेल, मी तर अंधारातही हवी तशी गाठ मारतो, असं तो म्हणाला. बोलणं तसं सरळ होतं. पंचबाईंना सरळ बोलणंही संशयास्पद वाटायचं.

त्याची सोबतीण म्हणजे त्याची बायको. ती अंधशाळेत मास्तरीण. ब्रेल ती डोळ्यांनी भराभर वाचायची आणि ते तिने हनुवटी वर करून सांगितलं. सात ते साडेसात ती जेवणघरातच होती, मात्र दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली होती, एकदा सूप आणायला, एकदा पाव. किती वेळ? घड्याळ लावून सूप आणायची पद्धत अजून निघालेली नाही, असं तिचं उत्तर.

मग नोंदणी कारकून. स्पर्धेत त्याला सगळे ग्रंथराज म्हणत. खेळाडूंनी ब्रेलमध्ये केलेली डावाची नोंद साध्या लिपीत उतरवणं हे त्याचं काम. एकेकाळी तो चांगला खेळायचा, डोळस लोकांत, पण पुढे गेला नाही. त्याच्या नावावर एकच गोष्ट होती, ‘लोखंडी दार’ या बचावावरचं चारशे पानांचं पुस्तक. मालिशवाला जे खेळायचा ते त्याच पुस्तकातलं. पहिल्या दिवशी जेवताना टेलिफोनवाल्याने भर पंगतीत बढाई मारली होती की त्या दाराची किल्ली मला सापडली आहे. तेव्हा ग्रंथराज फक्त हसला होता. आता तो म्हणाला की आपण आज जेवायला उशिरा गेलो, उद्याचे फॉर्म आखत ऑफिसात बसलो होतो. आणि बाईंनी उगाच दूरदूर शोधू नये.

“किल्ली कुणाकडे असते ते बघा ना,” तो म्हणाला. “काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला?”

किल्ली तशी तीन ठिकाणी होती. तिसरी रखवालदाराच्या फळीवर लटकायची आणि जेवणाच्या वेळी तो स्वतःही जेवायचा. पण ग्रंथराजाचं म्हणणं समितीला पटलं होतं, हे पंचबाईंना अध्यक्षांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

३

रखवालदार म्हणजे कुरकुरीचं पोतं. सिगारेट ओढता का, या प्रश्नावर तो उखडला. ओढत नाही, आणि ओढली असती तर या लोकांच्या खोलीत जाऊन कशाला ओढली असती? त्याची तक्रार वेगळीच होती. या वसतिगृहात दरवर्षी असे पाहुणे येतात आणि दिवे रात्रंदिवस जळत ठेवतात, त्यांना काय पत्ता लागतोय, बटण दाबलंय की नाही! मागल्या वर्षी विजेच्या बिलावरून त्यालाच बोलणी खावी लागली. म्हणून यंदा त्याने अक्कल चालवली होती. पहिल्याच दिवशी खेळाडूंच्या सगळ्या खोल्यांतले बल्ब त्याने काढून ठेवले. सोबत्यांच्या खोल्यांतले ठेवले. ती मालिशवाल्याची मास्तरीण तेवढी भांडायला आली, नवराबायको एकाच खोलीत, तिला अंधार कसा चालेल! तिचे परत लावून दिले. बाकी कुणी चकार शब्द काढला नाही.

“टेबलावरच्या दिव्यांचेसुद्धा काढले?” पंचबाईंनी विचारलं.

“छताचेही आणि टेबलाचेही. मोजून.”

पंचबाई दोन क्षण तशाच उभ्या राहिल्या. मग साठीच्या बाईला शोभणार नाही अशा वेगाने त्या सात नंबरकडे निघाल्या. ज्या खोलीत दिवाच असायला नको होता तिथे त्यांनी तासाभरापूर्वी दिवा लावून आरामात वही वाचली होती! तो सिगारेटचा वास नव्हताच. दिव्याच्या टोपणावर बारा दिवस साचलेली धूळ बल्ब लागल्यावर जळत होती. आणि वाकवलेली मान? डोळ्यांनी ब्रेल वाचणाऱ्यालाच ठाऊक असतं की उजेड वरून पडला तर ठिपके दिसत नाहीत, तो बाजूने पडावा लागतो.

वही आंधळ्याने वाचली नव्हती. आणि ब्रेल न येणाऱ्या डोळसानेही नाही.

बल्ब कुठून आला हे शोधायला अध्यक्ष, ग्रंथराज आणि रखवालदार यांना बरोबर घेऊन त्या सोबत्यांच्या खोल्या बघत निघाल्या. आठ नंबर, बहिणीची खोली, शेजारचीच होती. दाराला तिने कधीच कुलूप लावलेलं नव्हतं. तिच्या टेबलावरच्या दिव्यात बल्ब नव्हता.

बल्ब कधीपासून नाही, असं अध्यक्षांनी विचारलं. बहीण दिव्याकडे बघतच राहिली. जणू तो दिवा तिने आज पहिल्यांदाच पाहिला. मला माहीत नाही, एवढंच ती म्हणाली.

रखवालदाराने तेवढ्यात उशी उचलली. खाली ब्रेल टोचायची पाटी होती, टोकदार स्टायलस होता आणि पन्नासेक कागद होते, वरपासून खालपर्यंत ठिपक्यांनी भरलेले. ग्रंथराजाने एक कागद उचलला, उजेडात तिरपा धरला आणि भुवया वर केल्या.

हाका ऐकून टेलिफोनवाला भिंत चाचपत दारात आला होता. तुमच्या भगिनीला ब्रेल येतं, असं अध्यक्षांनी त्याला शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. तो हसला. नाही हो, तिचं डोकं गरगरतं. मग कुणीच हसत नाही हे त्याला ऐकू आलं.

“ताई?” तो म्हणाला.

“मीच वाचली वही,” बहीण म्हणाली. “सकाळपर्यंत कशाला थांबायचं? मला घरी पाठवा.”

टेलिफोनवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. तुझे डोळे मी माझेच समजत होतो, एवढं तो बोलला आणि ज्या भिंतीने आला होता त्याच भिंतीने परत गेला. त्याच्या मागून जायला आज कुणी नव्हतं. बहिणीने पाऊल उचललं होतं, पण ते तिथेच ठेवलं.

४

गुन्हेगार सापडला की पंचबाईंना शांत झोप लागायची. तीस वर्षांचा अनुभव होता. पण परीक्षेत कॉपी करणारं पोर शेवटपर्यंत नाही म्हणतं, गळ्याशी आलं तरी नाही म्हणतं. विचारण्याआधीच हो म्हणणारं त्यांनी एकदाच पाहिलं होतं आणि ते धाकट्या भावाला वाचवत होतं. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी ते कागद मागून घेतले आणि ऑफिसात दिव्याखाली पसरले. पहिल्या कागदांवर नुसती अक्षरं, शाळेतल्या पोरासारखी गिरवलेली. मग आकडे. मग बाजाराची यादी: साबण, मीठ, दोऱ्याचं रीळ, भावाच्या गोळ्या. मग तिचं स्वतःचं नाव, कागदभर. चोरलेल्या चालींचा कुठे मागमूस नव्हता. पण पंचबाईंची नजर दुसऱ्याच गोष्टीवर अडकली. ठिपके झिजलेले होते. कागद नवा आणि ठिपके मात्र दबलेले, मळकट, बोटं फिरून फिरून बसलेले.

त्या स्वतः डोळ्यांनी वाचायच्या. त्यांच्या वाचण्याने कधी एकही ठिपका झिजला नव्हता.

त्या आठ नंबरमध्ये गेल्या. बहीण पेटी भरत होती. पंचबाई तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि चहाचा कप तिच्या खांद्याशी धरला. घे, असं त्या म्हणाल्या नाहीत. बहिणीने कप घेतला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पंचबाईंनी कप हळूहळू पुढे सरकवत नेला आणि तो पार तिच्या नाकासमोर आला तेव्हा ती दचकली.

“किती दिवस झाले?” पंचबाईंनी विचारलं.

 बहीण पेटीच्या झाकणावर बसली आणि सांगू लागली. भावाचा आजार तो घराण्याचाच. त्याचा लवकर आला, सातव्या वर्षी सगळं घेऊन गेला. हिचा उशिरा आला. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग कडा जाऊ लागल्या. आता समोरचं ताटाएवढं दिसतं, तेही दिवसा. आणखी दोन वर्षं, डॉक्टर म्हणाले. म्हणून ती ब्रेल शिकत होती, आणि डोळ्यांनी शिकून काय उपयोग? डोळे मिटून, बोटांनी. दिवा लावायचं कारणच नव्हतं. त्यातला बल्ब आठवडाभर नसता तरी तिला कळलं नसतं.

“मग हेच सांग ना त्यांना!”

“त्याला कळलं तर तो उद्या खेळायचा नाही,” ती म्हणाली. “पुन्हा कधीच खेळायचा नाही. ताईला त्रास नको म्हणून घरी बसेल. मी ओळखते त्याला. चोर म्हणाला तर चालेल, बाई. चोरावर रागावून माणूस खेळतो तरी.”

पंचबाईंनी तो चहा स्वतःच पिऊन टाकला.  मी त्याला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी दिला, पण तुला चोर म्हणून पाठवणारही नाही, असंही बजावलं.

आपल्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून मांडलं. चोर डोळस. चोराला ब्रेल डोळ्यांनी वाचता येतं. आणि चोर रिकाम्या हाताने खोलीत शिरला, कारण आत दिवा असेल अशी त्याची खात्री होती. दिवा नाही म्हटल्यावर त्याने शेजारच्या उघड्या खोलीतला बल्ब पळवला. म्हणजे रखवालदाराने बल्ब काढलेत हे त्याला माहीत नव्हतं. मास्तरणीला माहीत होतं, ती त्यावरून भांडली होती, ती टॉर्च घेऊन गेली असती. बल्ब गरम म्हणून काढता आला नसेल, किंवा पावलं वाजली असतील. बल्ब तिथेच राहिला.

उरलं एकच माणूस. ते ऑफिसात राहायचं, खेळाडूंच्या बोळात कधी फिरकायचं नाही, आणि ते समितीचं आपलं माणूस होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पण हे सगळं बोलण्यातलं. पुरावा म्हणून टेबलावर ठेवायला पंचबाईंजवळ काहीही नव्हतं.

५

सकाळी सातला त्या टेलिफोनवाल्याकडे गेल्या. तो दाढी न करता बसला होता. त्यांनी त्याची वहीतली गुप्त चाल मागितली. तो म्हणाला, आता काय गुपित राहिलंय, घ्या, आणि त्याने बावीस चाली घडाघडा सांगितल्या. पंचबाईंनी त्या लिहून घेतल्या, ग्रंथराजाच्या पुस्तकाशी ताडून पाहिल्या, पाठ केल्या आणि कागद फाडून टाकला.

आठला समिती बसली. अध्यक्ष मधे, मालिशवाला आणि त्याची बायको एका बाजूला, भाऊबहीण दुसऱ्या बाजूला. दोघांच्या मधे एक रिकामी खुर्ची होती. ग्रंथराज कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसला. कबुली नोंदवून टाकू, असं अध्यक्ष म्हणाले. पंचबाईंनी हरकत घेतली नाही. फक्त, नियमाप्रमाणे जे वाचलं गेलं ते इतिवृत्तात आलं पाहिजे, तर ती चाल मी सांगते, कारकुनांनी लिहून घ्यावी.

मालिशवाला उठायला लागला. हे माझ्या कानावर नको, मला बाहेर जाऊ द्या, असं तो म्हणाला. पंचबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि कालपासूनचा त्याच्यावरचा संशय एकदाचा खाली ठेवला. तो बायकोच्या हाताला धरून बाहेर गेला.

पंचबाई सांगू लागल्या. एकसुरी, शाळेत शुद्धलेखन घालावं तसं. पहिल्या दहा चाली ग्रंथराजाच्याच पुस्तकातल्या होत्या, त्याने त्या मान न वर करता लिहिल्या. अकरावी. बारावी, उंट मागे. तेरावी, घोडा मधे. चौदावी, हत्ती देऊन टाकला...

पेन थांबलं.

“एक राहिली, बाई,” ग्रंथराज म्हणाला. “हत्तीच्या आधी राजा कोपऱ्यात जातो. त्याशिवाय हत्ती फुकट जाईल.”

 ग्रंथराज लिहायला पुन्हा वाकला होता. आपण काय बोललो हे त्याला तीन-चार क्षण कळलंच नाही. बुद्धिबळाची माणसं अशीच असतात. घर जळत असलं तरी चुकीची चाल कानावर आली की ती आधी ती दुरुस्त करतात.

“राजा कोपऱ्यात,” पंचबाई म्हणाल्या. “ती मी मुद्दाम गाळली. तुमच्या पुस्तकात दोनशे अकराव्या पानावर ही चाल आहे. नवशिक्यांचा वेडेपणा, असं तुम्हीच तिथे लिहिलंय. बाराव्या दिवशी ती शहाणपणाची कशी झाली?”

अध्यक्षांना काही म्हणायचं होतं, पण ग्रंथराजानेच हात वर केला. त्याने पेनाला टोपण लावलं, दोनदा. मग तो सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. फळीवरची किल्ली, अंधारी खोली, शेजारचा बल्ब, चटका बसलेलं बोट. मालिशवाल्याला तो काहीच सांगणार नव्हता, शपथ घ्यायला तयार होता. पुस्तकाला तीस वर्षं लागली होती. बायको सोडून गेली, नोकरी गेली, खेळ गेला, पण ते दार उभं होतं.

“सगळ्यांसमोर मोडायच्या आधी एकदा मला एकट्याला बघायचं होतं,” तो म्हणाला. “आणि मोडतं हो. खरंच मोडतं.”

बहिणीचं नाव आलं तेव्हा गप्प का बसलात, असं अध्यक्षांनी विचारलं. ग्रंथराजाने बहिणीकडे बघण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही. तिनेच हो म्हटलं, असं तो पुटपुटला. पंचबाईंच्या मनात त्या क्षणापर्यंत त्याच्याबद्दल थोडी दया होती. तेवढ्यावर ती संपली.

त्याला बाहेर नेलं गेलं. मालिशवाल्याला आत बोलावून झाला प्रकार सांगितला, चाल सोडून. तो मान हलवत म्हणाला, ज्याने बांधलं तोच दार मोडतं म्हणतोय, तर मी तरी कशाला त्यामागे उभा राहू, आज मी दुसरंच काही खेळेन. सगळे हसले. सगळे म्हणजे टेलिफोनवाला सोडून. त्याच्या कपाळावर आठी होती. उत्तर आलं होतं, पण त्याचा हिशोब अजून जुळत नव्हता.

६

पावणेदहाला पंचबाई त्याला पटावर न्यायला सात नंबरकडे गेल्या आणि दारातच थांबल्या. आत दोघं होती. बहिणीने त्याचा कोट हातात धरला होता, तो घालून घेत नव्हता.

तो विचारत होता, “न केलेल्या चोरीला तू हो का म्हणालीस?”

ती म्हणाली, घाबरले. तो म्हणाला, तू घाबरत नाहीस. ती म्हणाली, डाव आहे, चल, उशीर होतोय. तो हलला नाही. रात्रभर तो चाली मांडाव्यात तशा गोष्टी मांडत बसला असावा. हलक्या आवाजात, थांबत थांबत त्याने त्या एकेक सांगितल्या. दोन वर्षांपासून ती पुस्तक वाचताना ओळी सोडते. रस्त्यात त्याच्याऐवजी तिचाच खांदा खांबाला लागतो. संध्याकाळी फिरायला जाणं तिने बंद केलं. आणि चारचौघांत ठिपक्यांची थट्टा करणारी बाई उशीखाली पाटी ठेवून झोपते. चोरी केली नव्हती, तर ती पाटी कशासाठी?

बहिणीने दाराकडे पाहिलं. पंचबाई समोरच होत्या, म्हणून तिला दिसल्या. पंचबाईंनी मान हलवली. मी सांगितलेलं नाही.

“किती दिसतं?” टेलिफोनवाल्याने विचारलं.

“ताटाएवढं,” ती म्हणाली.

कोट तिच्या हातातून खाली पडला आणि तो उचलायला ती वाकली नाही. तिने हुंदका दाबला, पण ज्याच्यापासून दाबायचा त्याचे कान एक्सचेंजमधले होते. ती भराभर बोलू लागली. आता खेळ सोडशील ना तू, मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगितलं नाही, माझ्यासाठी घरी बसशील, आणि मग माझे उरलेले डोळे घेऊन मी काय करू, तुला घरात बसलेला बघू?

त्याने तिला बोलू दिलं. मग हात पुढे करून तिचा चेहरा शोधला. चाळीस वर्षांत त्याने तो कधी चाचपून पाहिला नव्हता, तशी वेळच आली नव्हती.

“काल तुला चोर समजलो मी,” तो म्हणाला. “त्याचं मरेपर्यंत वाईट वाटेल. पण तू माझ्याहून मोठा गुन्हा केलास, ताई. एकटी निघालीस. अगं, त्या गावात मी चाळीस वर्षं राहतोय. तुला न्यायला वेशीपर्यंत आलो असतो.”

हॉलमध्ये पहिली घंटा झाली. पंचबाईंनी आयुष्यात कधी कुणाला वेळ वाढवून दिली नव्हती. त्या बोळातून परत फिरल्या, पट मांडून बसलेल्या मालिशवाल्याशेजारी गेल्या आणि डाव दहा मिनिटं उशिरा सुरू होईल, असं सांगून घड्याळाची किल्ली काढून खिशात टाकली.